मण्यावरची भुकटी आणि मामांची गोळी

द्राक्षाचा घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही. निफाडकडच्या आमच्या मामांच्या बागेत हा नियम पाहुण्यांनाही लागू. परवा मी एक मणी अंगठ्याने पुसला; खालून चकचकीत हिरवी साल दिसली आणि समोर मामांच्या कपाळावरची आठी. ती पांढुरकी भुकटी गेली की माल शिळा दिसतो, व्यापारी भाव पाडतो. शहरातल्या लोकांना ती फवारणीच वाटते. द्राक्षं धुऊन खावीत हे खरंच, पण भुकटी वेलीची स्वतःची आहे, मेणाची. या मेणात मोठा वाटा ओलिअ‍ॅनोलिक आम्लाचा. ते ज्या वाटेने बनतं, त्याच वाटेने मामांच्या यकृतात कोलेस्टेरॉल बनतं. ते कमी करायलाच मामा रोज रात्री गोळी घेतात.

या वाटेचं नाव मेव्हॅलोनिक आम्ल मार्ग. नाव अवजड, काम गवंड्याचं. अन्नातून पेशीला मिळणारे 2 कार्बनचे तीन तुकडे एकत्र येतात आणि त्यातून 6 कार्बनचं मेव्हॅलोनिक आम्ल तयार होतं. त्यातला एक कार्बन वायू होऊन निघून जातो, हाती उरते 5 कार्बनची वीट. पुढे सगळा विटांचा हिशेब. सहा विटा जोडल्या की 30 कार्बनचं स्क्वालिन. वेल त्यालाच वळण देऊन मेणातलं आम्ल करते, आपलं शरीर 3 कार्बन छाटून कोलेस्टेरॉल.

आणि चार विटा घेऊन एक कार्बन कमी केला की जिबरेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक. म्हणजे आपलं ‘जी.ए.’! गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, मणी ज्वारीएवढे झाले की मजूर एकेक घड ज्याच्यात बुडवतात, तेच. बी असलेल्या द्राक्षात बी स्वतःच जिबरेलिन, म्हणजे याच जातीचं संप्रेरक, पुरवतं. बिनबियांच्या थॉमसन जातीला ते बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर मणी फुगत नाही. बाजारातलं जी.ए. एका बुरशीकडून बनवून घेतात. भाताची रोपं उंच, फिकी, लुळी करणारी ही बुरशी. तिच्या स्रावानेच रोपं वाढतात हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं.

मेव्हॅलोनिक आम्लाचा शोधही असाच, भट्टीच्या दारातला. 1956 मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ कार्ल फोल्कर्स यांच्या चमूला ते दारूभट्टीच्या उरलेल्या चोथ्यात सापडलं. त्याच वर्षी जपानमध्ये तामुरा नावाचे संशोधक साके, म्हणजे तांदळाची दारू, नासवणाऱ्या जिवाणूंच्या मागे होते, त्यांच्या हाती तेच आम्ल लागलं. वाइनच्या नाशकात हे फारसं कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

गोळीची गोष्ट मात्र कोंबड्यांची आहे. या वाटेवर एक अरुंद नाका आहे, एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. तो अडवला तर पुढचं सगळं मंदावेल. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचा कयास असा, की एखादी बुरशी शत्रूला मारायला हाच नाका अडवत असेल. त्यांनी सुमारे 6,000 बुरश्या तपासल्या आणि भातावरच्या एका पेनिसिलियम बुरशीत नाका अडवणारं कॉम्पॅक्टिन मिळालं. उंदरांना दिलं, तर काहीच फरक नाही. इथे बहुतेकांनी फाइल बंद केली असती. एंडोंनी ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिलं आणि कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलं. 1987 मध्ये अमेरिकेत त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन बाजारात आलं, मग बाकीची भावंडं; मामांची गोळी त्यांतलीच. गंमत म्हणजे नाका अडला की यकृत तहानतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घ्यायला जास्त हात बाहेर काढतं. खरा फायदा तिथला. हे हात शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं.

‘‘रात्रीच का घ्यायची?’’ मामांचा प्रश्न. शरीराचं कोलेस्टेरॉल बनवणं रात्री जोरात असतं, म्हणून सिमव्हास्टॅटिनसारखी लवकर ओसरणारी गोळी रात्री. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिवसभर टिकतं, ते कधीही चालतं.

मामींना हाडं ठिसूळ झाल्याने वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाचं सलाइन लावतात. तेही याच वाटेवरचं, फक्त पुढचा नाका, विटा जोडायचा. हाडं कुरतडणाऱ्या पेशींनाच ते गाठतं. गजकर्णावरचं टर्बिनाफिन त्याच्याही पुढे, बुरशीच्या स्क्वालिनपाशी. एका घरात इतकी औषधं एकाच रस्त्यावर उभी आहेत, पण प्रत्येकाची चौकी वेगळी.

‘‘मग ही गोळी वेलीला घातली तर?’’ मामा हसत म्हणाले, पण प्रश्न खरा आहे. 1980 च्या दशकात जर्मनीत मुळ्याच्या रोपांना मेव्हिनोलिन, म्हणजे लोव्हास्टॅटिनच, देऊन पाहिलं होतं. मुळं खुंटली, पण पानांच्या रंगद्रव्यांवर तितका परिणाम दिसला नाही. वनस्पतींना विटा करायची दुसरीही वाट आहे, हरितलवकातली, हे पुढे उलगडलं. आपल्याकडे ती नाही. बुरशीकडेही नाही.

मामांनी गोळ्यांचं पाकीट वरच्या खिशात टाकलं, मी पुसलेला तो मणी घडातून कात्रीने काढून टाकला आणि क्रेट घेऊन येणाऱ्या पोराला ओरडले, ‘‘देठाला धर रे, देठाला!’’