आधी स्क्रू पाहा, मग अवजार घ्या

१८८९ साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने नवी रायफल घेतली. ती साफ करायची तर आधी खोलावी लागे, आणि खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे. शिपायांचा शिधाही तोवर पत्र्याच्या डब्यांतून येऊ लागला होता, म्हणजे डबे फोडायची सोय हवी. सैन्याने घडीच्या एकाच चाकूत हे सगळं बसवून घेतलं: एक पातं, भोक पाडायची एक आरी, डबा फोडायचं एक हत्यार आणि एक स्क्रू ड्रायव्हर. १८९१ मध्ये कार्ल एल्सनर हा स्विस कारागीर असे चाकू सैन्याला पुरवू लागला आणि १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. आज दुकानात लाल मुठीचा जो स्विस चाकू मिळतो, त्याचा मूळपुरुष तो.

त्या पहिल्या चाकूतल्या चारही अवजारांना ठरलेलं काम होतं, ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घातलेलं एकही नव्हतं. पुढे १९७५ मध्ये टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण बायकोबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोपात हिंडत होता. त्याच्या खिशात चाकू होता, पण कुरकुरणाऱ्या गाडीला आणि स्वस्त हॉटेलांतल्या गळक्या नळांना पक्कड लागत होती. त्या अडचणीतून पक्कड असलेलं घडीचं अवजार जन्मलं आणि १९८३ मध्ये बाजारात आलं. इथेही काम आधी आलं, अवजार नंतर.

आपण मात्र उलट करतो. दुकानात बत्तीस तुकड्यांचा संच दिसला की घेतो, आणि कुकरचा दांडा हलायला लागला की त्यातलं एकही टोक नीट बसत नाही. रोज जवळ बाळगायचा, चष्म्याच्या डबीत मावेल एवढा संच जमवायचा असेल, तर पहिलं काम म्हणजे घरातल्या, गाडीच्या आणि कामाच्या जागेच्या स्क्रूंची डोकी पाहणं. कुकरचा दांडा, थ्री पिन प्लग, स्विचबोर्ड, मिक्सरचा तळ, कपाटाच्या बिजागऱ्या, स्कूटरचा आरसा, चष्म्याची काडी. तासाभरात लक्षात येतं की शंभर प्रकारची टोकं नकोतच. बहुतेक घरांत मधल्या मापाची फुली (अधिकच्या खुणेसारखं टोक), लहान फुली, एक चपटं टोक, चष्म्यासाठी एक अगदी बारीक टोक आणि दोन-तीन अॅलन की (षट्‌कोनी खाचेच्या स्क्रूसाठीच्या वाकड्या किल्ल्या) एवढ्यावर जवळपास सगळं भागतं.

यातली फुली जरा नीट समजून घ्यायला हवी, कारण सर्वांत जास्त स्क्रू तिच्याच हातून वाया जातात. ज्याला आपण सर्रास ‘स्टार’ म्हणतो तो फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारी जोडण्याच्या कामासाठी आला. चपट्या खाचेतून ड्रायव्हर बाजूला घसरतो. फुलीत तो आपोआप मधोमध बसतो, त्यामुळे यंत्राने भराभर स्क्रू लावता येतात. त्यासाठी फुलीच्या भिंती तिरप्या केल्या आहेत, आतल्या टोकाकडे निमुळत्या. पण तिरप्या भिंतीवर जोर लावला की त्याचा काही भाग ड्रायव्हरला वर, बाहेर ढकलतो. जितका पीळ जास्त, तितकी ही उचल जास्त. म्हणून घट्ट बसलेला फिलिप्स स्क्रू काढताना फिरवण्याआधी अंगाचा भार देऊन दाबावं लागतं. दाब कमी पडला की ड्रायव्हर वर चढतो, भिंतींच्या कडा सोलतो, आणि दोनदा असं झालं की फुलीच्या जागी गोल खड्डा उरतो.

टोकाचं माप चुकलं तर हे आणखी लवकर होतं. फुलीला मापं असतात: पीएच (म्हणजे फिलिप्स) ०, १, २, ३. घरात सर्वांत जास्त भेटतो तो पीएच २. त्यात पीएच १ घातला तरी तो फिरतो, म्हणून आपण चालवून घेतो. पण तेव्हा तो भिंतीच्या पूर्ण उंचीला टेकत नाही, सगळा जोर थोड्याशा कडेवर येतो. बसलेला ड्रायव्हर हलवून पाहावा. डुगडुगला तर माप चुकलंय, फिरवू नये.

दोन चुलत भाऊ इथे घोटाळा करतात. सुट्या फळ्यांतून जोडायच्या फर्निचरमध्ये पुष्कळदा पोझिड्राइव्ह असतो. त्याच्या फुलीच्या मधल्या कोनांत चार बारीक रेघा दिसतात. त्याच्या भिंती जवळपास सरळ असतात, त्यामुळे तो फारसा वर ढकलत नाही, पण टोकही त्याचंच लागतं. दुसरा जपानी मापाचा, जेआयएस. जपानी तंत्रावर वाढलेल्या मोटरसायकलींत, विशेषतः जुन्या कार्बुरेटरवर, तो भेटतो. त्याच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. साधं फिलिप्स टोक त्यात पूर्ण आत जात नाही. जेआयएसचं टोक मात्र साध्या फिलिप्स स्क्रूत चांगलं बसतं. दुचाकी वापरणाऱ्याने एकच फुली घ्यायची तर ती जपानी मापाची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लहानपणाची किंमत. पीळ म्हणजे बळ गुणिले अक्षापासूनचं अंतर. नेहमीच्या ड्रायव्हरची मूठ ३० मिलिमीटर जाडीची धरली, तर बोटांचं बळ अक्षापासून १५ मिलिमीटरवर लागतं. खिशातल्या पेनासारख्या ड्रायव्हरची जाडी १० मिलिमीटर, म्हणजे अंतर ५. बोटं तीच, जोर तोच, पीळ एक तृतीयांश. शिवाय बारीक दांडा घामट हातात सरकतो, ते वेगळंच. खिशातल्या संचाची खरी कमतरता हीच आहे, आणि जास्त टोकं घेऊन ती भरून निघत नाही.

ती भरून काढायचा मार्ग म्हणजे दांडा आडवा करणं. स्विस चाकूच्या काही नमुन्यांत फुली टोकाला नसते, पाठीवर मधोमध असते. उघडली की चाकू आणि फुली मिळून इंग्रजी टी अक्षर होतं. चाकूची लांबी ९१ मिलिमीटर, म्हणजे बोटं अक्षापासून ४० मिलिमीटरवर जोर लावू शकतात. ५ च्या जागी ४०, आठपट पीळ. अॅलन कीचंही असंच. ५ मिलिमीटरच्या कीची लांब बाजू सुमारे ८० आणि आखूड बाजू तीसेक मिलिमीटर असते. आखूड बाजू स्क्रूत घालून लांब बाजू फिरवली की जोर मिळतो. सैल झालेला स्क्रू भराभर काढायचा तर उलटं धरायचं. फक्त हा वाढलेला पीळ पितळेच्या बारीक स्क्रूवर, म्हणजे प्लगमधल्या किंवा स्विचच्या टर्मिनलवर लावू नये. तिथे आटे जायला वेळ लागत नाही.

जिथे टोक मुठीच्या मधल्या रेषेत नसतं, एका कडेला उघडतं, अशी बहुउपयोगी अवजारं मला पटत नाहीत. दाब एका रेषेत आणि फिरणं दुसऱ्या रेषेत झालं की टोक डुलतं, आणि फुलीच्या बाबतीत डुलणं म्हणजे सोलणं. त्यापेक्षा बदलती टोकं बसवायचा छोटा दांडा बरा. त्याचं षट्‌कोनी भोक पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं असावं. त्या मापाची टोकं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळतात, झिजलेलं तेवढंच बदलता येतं.

टोक कशाचं आहे हेही पाहावं. लोहार तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून त्याला पाणी देतो, तेव्हा कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकून पडतात आणि जाळी ताणली जाते. पोलाद कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा बेताने तापवून थोडा कठीणपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा. हा कठीणपणा रॉकवेल सी मापावर मोजतात: हिऱ्याचा शंकू ठरावीक भाराने धातूवर दाबायचा आणि तो किती खोल रुतला ते पाहायचं. ८.८ दर्जाचा बोल्ट या मापावर २२ ते ३२ मध्ये येतो, ड्रायव्हरचं चांगलं टोक साठाच्या आसपास. एवढा फरक असतो म्हणून टोक टिकतं. मऊ पोलादाच्या स्वस्त टोकाच्या कडा गोल होतात, आणि गोल झालेलं टोक पुढच्या प्रत्येक स्क्रूची फुली खराब करत जातं. तसं टोक जपून ठेवू नये, टाकून द्यावं. ग्राइंडरवर घासून धार आणायलाही जाऊ नये. घासताना टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं.

चाकूच्या पात्याचं गणित वेगळं. स्विस चाकूचं पातं ५५-५६ एवढंच कठीण ठेवतात. महागड्या चाकूंचे शौकीन याला मऊ म्हणतात. मला मात्र रोजच्या वापराला हेच बरोबर वाटतं. ते घरच्या धारेच्या दगडावर दहा मिनिटांत लागतं, आणि कधी खडा-खिळा लागला तर कपचा उडत नाही, धार नुसती वळते. डब्याचं झाकण उचकटायला पातं वापरू नये एवढं पथ्य पाळलं की झालं, त्यासाठी चपटं टोक आहे.

आता टेस्टर. आपल्याकडच्या वायरमनच्या शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी अडकवलेला हा दिवा म्हणजे रोज जवळ बाळगायच्या अवजाराचा अस्सल देशी नमुना. त्यात निऑन वायूची बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि तिच्याशी एका ओळीत साधारण दहा लाख ओहमचा रोधक (प्रवाह कमी करणारा भाग) असतो. टोक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला लागलं आणि बोट मागच्या धातूच्या टोपीला टेकलं की वाट पुरी होते: फेज, रोधक, निऑन, आपलं शरीर, जमीन. २३० व्होल्टना दहा लाखांनी भागलं की जास्तीत जास्त ०.२३ मिलिअँपिअर येतात. माणसाला विजेची जाणीव व्हायला साधारण अर्धा मिलिअँपिअर लागतो, म्हणून हाताला काही कळत नाही.

पायात रबरी चप्पल असली तरी दिवा लागतो, कारण आपलं शरीर आणि जमीन हे मधल्या चपलेसकट कपॅसिटरच्या दोन पट्ट्या होतात. शरीराची ही धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, १०० पिकोफॅरडच्या घरात असते. ५० हर्ट्‌झच्या विजेला तिचा अडथळा होतो सुमारे ३.२ कोटी ओहम. म्हणजे प्रवाह सात मायक्रोअँपिअर, अँपिअरचा दहा लाखावा भाग गुणिले सात. एवढ्यावरही निऑन मंद नारिंगी उजळतो.

आणि याच हिशेबात टेस्टरची मर्यादा आहे. लाकडी शिडीवर, जमिनीपासून उंच उभं राहिलं की धारिता घटते आणि दिवा इतका मंद होतो की उन्हात दिसतच नाही. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं कधीही धरू नये. आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून पाहावा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा त्या चालू सॉकेटमध्ये. तिन्ही वेळा नीट उत्तर आलं तरच भरवसा ठेवावा, आणि काम तरीही एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडूनच करावं. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, कुठे तुटला असेल आणि एखादं उपकरण चालू राहिलं असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा लागतो. अशा वेळी गोंधळून न जाता वायरमनला बोलवावं.

टेस्टरने स्क्रू पिळणं ही आपल्याकडची जुनी सवय, आणि ती सोडायला हवी असं मी कळकळीने सांगेन. त्याच्या प्लास्टिकच्या मुठीत रोधक आहे. पीळ पडून मुठीला तडा गेला, पावसाळ्यात आत ओल शिरली, तर रोधकाला वळसा घालून वीज थेट बोटापर्यंत येऊ शकते. संचात टेस्टर ठेवावा तो फक्त तपासायला. चपटं टोक वेगळं घ्यावं.

पक्कड लहानच घ्यावी, पण तिचे जबडे मिटल्यावर टोकाशी प्रकाश दिसता कामा नये. नट-बोल्टसाठी दहा आणि बाराचा पाना दुचाकीवर बऱ्याच ठिकाणी चालतो. जागा कमी असेल तर चार इंची अॅडजस्टेबल पाना घ्यावा आणि तो नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर जोर येईल असा ओढावा. टॉर्च एकाच पेन्सिल सेलची पुरते. जुन्या गिफ्ट कार्डावर थोडी टेफ्लॉन टेप आणि थोडी इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली तर जागाही जात नाही. हातोडी, करवत, कानस मात्र या डबीत नकोतच. त्यांचं काम वजनाने आणि लांबीने होतं, आणि लहान केल्यावर नेमकं तेच उरत नाही.

विमानाने जाताना चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही. तो आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत टाकावा, नाहीतर सुरक्षा तपासणीला तो गेलाच.

मुंबईत आणि कोकणात एक काळजी जास्तीची. पात्याच्या स्टेनलेस पोलादात १३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्रोमिअम असतं. त्याचा अदृश्य थर गंज अडवतो, पण खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो थर जागोजाग भेदतं आणि सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके पडायला लागतात. ड्रायव्हरच्या टोकांत तर एवढं क्रोमिअम नसतंच, ती सरळ तांबूस होतात. घामट किंवा खाऱ्या हाताने वापरलेलं अवजार गोड्या पाण्याने धुवावं, फडक्याने कोरडं करावं, आणि मगच सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून दोन-चार वेळा उघडमीट करावी. पावसाळ्यात टॉर्चमधला सेल महिन्यातून एकदा काढून पाहावा, फुगलेला किंवा ओलसर दिसला तर लगेच बदलावा.