कायदा केला माणसांसाठी, वाचले पक्षी

2020 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला होता, त्यात असं निघालं की ओझोनचं प्रदूषण कमी करायचे नियम नसते तर मागच्या 40 वर्षांत तिथले अंदाजे दीडशे कोटी पक्षी आणखी कमी झाले असते. गंमत म्हणजे हे नियम करताना पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते, माणसांना दमा-खोकल्याचा त्रास होऊ नये एवढाच हेतू. हा ओझोन म्हणजे वरचा आपल्याला उन्हापासून वाचवणारा थर नव्हे, तर गाड्या-कारखान्यांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत तयार होतो तो. पक्ष्यांच्या फुफ्फुसात हवा एकाच दिशेनं वाहत राहते, त्यामुळे ऑक्सिजन भरपूर मिळतो, पण हवेत विष असलं की तेही तितकंच आत जातं.

आता हे नियम ज्या कायद्यातून आले, त्याच क्लीन एअर ॲक्टखाली कार्बन डायऑक्साइडसारखे पृथ्वी तापवणारे वायूही येतात, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं 2007 मध्ये सांगितलं, मग 2009 मध्ये पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, हे वायू लोकांच्या आरोग्याला धोकादायक आहेत असं अधिकृतपणे ठरवलं आणि त्याच्या जोरावर गाड्यांच्या धुराचे नियम आले. 2025 च्या जुलैमध्ये त्याच ईपीएनं हा निष्कर्षच मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे फांदी नाही, बुंधाच.

1970 पासून अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास 290 कोटी पक्षी कमी झालेत. सगळा दोष हवामानाचा नाही हं, जंगलं-गवताळ रानं गेली, मांजरं आहेत, काचेच्या इमारती आहेत.

पण थोडीशी उष्णता वाढली तर काय होतं हे बघायचं असेल तर हवाई बेटं बघा. तिथे मुळात डासच नव्हते, एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर आले आणि पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला, ज्याची तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांना अजिबात सवय नव्हती. इवी नावाचा लालभडक, वाकड्या चोचीचा पक्षी आहे, त्याला रोगट डास एकदा जरी चावला तरी बहुतेक वेळा तो मरतोच. मग हे पक्षी वाचले कसे? डोंगरावर थंडी म्हणून. साधारण 13 अंशांच्या खाली मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढतच नाहीत. आता ती थंडी वर वर सरकतेय आणि डास तिच्या मागे, आणि काउआई बेटाचे डोंगर तर फार उंच नाहीतच, तिथल्या पक्ष्यांनी अजून वर जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? 2023 मध्ये अमेरिकेनं हवाईचे 8 रानपक्षी नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

म्हणून सध्या तिथे जे चाललंय ते ऐकायला उलटंच वाटतं. डासांचा त्रास आहे म्हणून हेलिकॉप्टरमधून अजून डास सोडतायत! पण हे सगळे नर, नर चावत नाहीत, आणि त्यांच्यात वोल्बाकिया नावाच्या बॅक्टेरियाचा असा प्रकार असतो की त्यांचा जंगलातल्या मादीशी संबंध आला की तिची अंडी फुटतच नाहीत. माउई बेटावर हे 2023 पासून सुरू झालंय, आणि एकदा सोडून भागत नाही, सारखं सोडत राहावं लागतं. माझ्या मते काम जबरदस्त आहे, पण यानं डास कमी होतात, डोंगर काही थंड होत नाही. तिकडे धुराचे नियम जेवढे सैल होतील तेवढ्या इकडे हेलिकॉप्टरच्या फेऱ्या वाढणार.