रूट कॅनाल वेगळं, कॅप वेगळी

आत्याची दाढ गेली ती दिवाळीच्या चकलीने. शेवटच्या घाण्याची चकली, जरा कडकच उतरलेली. कट् असा आवाज आला, ती चावायची थांबली आणि तोंडातून जे काढलं ते चकलीचं नव्हतं. दाढेची जिभेकडची अख्खी भिंत निघून तिच्या तळहातावर आली होती. रक्त थेंबभर, दुखणं अजिबात नाही.

"आत्या, याच दाढेचं गेल्या वर्षी रूट कॅनाल केलं होतंस ना?"

"केलं की. चार वेळा जाऊन बसले त्या खुर्चीत."

"मग कॅप?"

"अगं, तेच ना ते!"

आत्याला हसण्यात अर्थ नाही. दात तोच, खुर्ची तीच, बहुतेकदा डॉक्टरही तेच, आणि आपण बोलतानाही 'रूट कॅनाल करून कॅप बसवली' हे एका दमात बोलतो. ऐकणाऱ्याला ते 'चहा टाकून घेतला' इतकं एकच काम वाटतं. प्रत्यक्षात ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की दंतवैद्यकात त्यांच्या पदव्युत्तर शाखाही निरनिराळ्या. दाताच्या आतलं बघणारा तो एंडोडॉन्टिस्ट, आणि कॅप, ब्रिज, कवळी बघणारा तो प्रोस्थोडॉन्टिस्ट. साधा बीडीएस डॉक्टर दोन्ही करतो, पण बऱ्याच छोट्या दवाखान्यांत रूट कॅनालसाठी बाहेरचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, आपली हत्यारं घेऊन बसतात आणि काम आटपून जातात. पेशंटला वाटतं, मोठे डॉक्टर येऊन करून गेले, आता काय राहिलं?

राहतं ते असं. रूट कॅनाल दाताच्या आतल्या नसेसाठी असतं, कॅप दाताच्या बाहेरच्या भिंतींसाठी. पहिल्याने ठणका जातो, दुसरीने चावता येतं. आणि सगळी गोची अशी की ठणका काम अर्ध्यावर असतानाच थांबतो.

आधी आत जाऊ. दाताच्या वरचं पांढरं आवरण म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याखाली पिवळसर डेंटीन, आणि मधल्या पोकळीत मऊ गाभा, ज्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण ज्याला 'नस' म्हणतो ती हीच. कीड गाभ्यापर्यंत पोचली की तो सुजतो. सुजून जायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी कठीण भिंत. म्हणून रात्री दोन वाजता कानशिलापर्यंत ठणका जातो. रूट कॅनालमध्ये दात बधिर करून वरून भोक पाडतात, गाभा काढतात आणि मुळांमधल्या नळ्या बारीक फायलींनी घासून, औषधाने धुऊन साफ करतात. फाईल टोकाला जेमतेम पाव मिलिमीटर जाड, कधी त्याहूनही बारीक. पुढच्या दाताला बहुधा एक नळी, खालच्या पहिल्या दाढेला साधारण तीन, आणि वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार. त्यातली चौथी इतकी लपलेली असते की ती शोधण्यातच डॉक्टरांचा अर्धा तास जातो. आत्याचे 'चार वेळा' अशाच कुठल्या शोधाशोधीत खर्ची पडले असावेत.

साफ नळ्या रिकाम्या ठेवत नाहीत. त्यात गट्टापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाच्या काड्या भरतात. हा आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. 1870 मध्ये मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली, तेव्हा तिच्या तांब्याच्या तारेला पाण्यापासून वाचवायला याच चिकाचं वेष्टण होतं. पाणी आत शिरू द्यायचं नाही, हेच काम तो आता दाढेच्या मुळात करतो. मला हे कळल्यापासून माझ्या दाताबद्दलचा आदर जरा वाढला आहे.

नळ्या भरल्या की वरचं भोक तात्पुरत्या सिमेंटने बुजवतात. लवंगतेलाचा वास येतो ते बहुधा हेच. ते काही आठवडे टिकेल अशा बेताचं असतं. पण ठणका गेलेला असतो, लग्नसराई आलेली असते, कॅपचं बिल वेगळं असतं, आणि 'पुढच्या आठवड्यात येते' म्हणून माणूस जो जातो तो चकलीपर्यंत.

आता बाहेरचं काम. कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि वरून तासतात. वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर, बाजूंनी त्याहून कमी. धातूची कॅप असेल तर आणखी कमी तासून भागतं. तासलेला दात खुंटीसारखा दिसतो, आणि आरशात पाहिलात तर डॉक्टरांनी चांगला दात खराब केला असंच वाटेल. मग माप घेतात, म्हणजे साच्यात भरलेला पुटीसारखा मसाला दातांवर काही मिनिटं दाबून धरतात. आता काही ठिकाणी छोट्या कॅमेऱ्यासारखा स्कॅनर तोंडात फिरवून स्क्रीनवरच माप घेतात. ज्यांना मसाल्याने उमासे येतात त्यांनी असा दवाखाना जरूर शोधावा. माप लॅबमध्ये जातं. झिर्कोनियाची कॅप असेल तर ती खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून संगणकाच्या मापाने कोरतात आणि मग सुमारे 1500 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भाजताना ती वीसएक टक्के आकसते, म्हणून आधीच तेवढी मोठी कोरलेली असते. मातीचं भांडं घडवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

चारपाच दिवसांनी लॅबकडून छोट्या डबीत कॅप येते. डॉक्टर ती घालून बघतात, निळा कागद दातांमध्ये धरतात आणि म्हणतात, "चावा. टक टक. आता इकडेतिकडे घासा." जिथे निळा ठिपका गडद उमटतो तिथे कॅप उंच असते, तेवढं घासून काढतात. इथे भिडस्तपणा करू नये. कॅप केसभर जरी उंच राहिली तरी चावताना पहिला मार तिलाच बसतो आणि दात दुखायला लागतो. 'बरं वाटतंय' असं उगाच म्हणून उठू नका.

मुख्य प्रश्न असा की नस काढल्यावर कॅप लागतेच का. आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: नस काढली की दात 'मरतो', वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो, म्हणून तुटतो. ऐकायला पटतं, पण बरोबर नाही. 1989 मध्ये काही संशोधकांनी काढलेल्या उपदाढांवर, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढांवर, प्रयोग केला. नुसतं रूट कॅनालसाठी भोक पाडलं तर दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्क्यांनीच घटला. दाताच्या माथ्यापासून दोन्ही शेजारच्या दातांच्या बाजूंपर्यंत जाणारा खड्डा केला, म्हणजे दोन्हीकडच्या कडा गेल्या, तेव्हा मात्र तो 63 टक्क्यांनी घटला. म्हणजे दोष नस काढण्याचा नाही. कीड जाता जाता भिंती खाऊन गेलेली असते, आणि उरलेल्या उभ्या भिंतींना एकत्र धरून ठेवणारं काही राहिलेलं नसतं. अशा दाढेवर वरून चावण्याचा दाब आला की भिंती बाहेरच्या बाजूला फाकतात. सिमेंट नुसतं मध्ये बसतं, ते भिंतींना बाहेरून आवळत नाही.

बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार होताना आकसते आणि सगळे तुकडे एकमेकांना धरून बसतात. धाव निघाली की चाक तेच, लाकूड तेच, पण पहिल्या खड्ड्यात आरे सुटतात. कॅप आकसत नाही, पण काम धावेचं करते. तिला धरायला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी शाबूत दात सगळीकडून लागतो. तेवढा नसेल तर मुळाच्या नळीत खुंटी बसवून तिच्यावर दाताचा कृत्रिम बुंधा उभारतात आणि त्यावर कॅप घालतात. पण पकड शेवटी उरलेल्या खऱ्या दातावरच असते. आत्याच्या दाढेची भिंत हिरडीच्या खालपर्यंत चिरली होती, धरायला काठच उरला नव्हता. दाढ काढावी लागली. वेळेवर कॅप घातली असती तर ती आज चकली खात असती, हे तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.

अमेरिकेतल्या 2002 मधल्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेले जे दात कॅपशिवाय ठेवले होते, ते कॅप घातलेल्या दातांच्या मानाने सहापट वेगाने गमावले गेले असं दिसलं. यात एक मेख आहे. कॅप बहुधा ज्या दाताचं भवितव्य बरं दिसतं त्यालाच घालतात, त्यामुळे सगळं श्रेय कॅपला देता येत नाही. पण म्हणून दाढ कॅपशिवाय ठेवण्याची पैज मी तरी लावणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण 'रूट कॅनाल म्हणजे कॅप आलीच' हाही सरसकट नियम नव्हे. क्रिकेटचा चेंडू लागून पोराच्या पुढच्या दाताची नस गेली, पण दात अख्खा आहे, तर मागच्या बाजूने छोटं भोक पाडून रूट कॅनाल होतं आणि दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरून भागतं. पुढचे दात तोडतात, दाढांसारखे दळत नाहीत. तिथे कॅपसाठी चांगला दात तासायला सांगितलं तर 'का?' हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि नस ठणठणीत असतानाही कॅप लागू शकते. वीस वर्षांपूर्वी भरलेली मोठी चांदी आणि तिच्या कडेने पातळ राहिलेली भिंत, किंवा चावून सोडताना एकदम चमक येते अशी तडकलेली दाढ. अशा जिवंत दातावर कॅप घातल्यावर पुढे कधी नस बिघडलीच तर कॅपमधूनच भोक पाडून रूट कॅनाल करता येतं. तेव्हा क्रमही कायमचा ठरलेला नाही.

आपल्या दाताचं नेमकं काय झालंय हे आठवत नसेल तर एक्स-रे बघावा, त्यात चटकन कळतं. मुळांत खालपर्यंत गेलेल्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ते रूट कॅनाल. माथ्यावर टोपीसारखा सलग पांढरा आकार दिसला तर कॅप. आत्याच्या जुन्या एक्स-रेत तीन सुरेख रेघा होत्या आणि वर टोपी नव्हती.

कॅप घातली म्हणजे दात कीडमुक्त झाला, हा समजही काढून टाकावा. झिर्कोनियाला कीड लागत नाही हे खरं, पण कॅप जिथे हिरडीपाशी संपते तिथून खऱ्या दाताला लागते. नस काढलेली असेल तर आतून ठणकाही येणार नाही, कॅप एके दिवशी हलायला लागेल तेव्हाच कळेल. काठावर ब्रश आणि शेजारच्या फटीत फ्लॉस रोज फिरवावा लागतो. मात्र खडा आला तर कळतो, कारण दाब जाणवणारे तंतू दात आणि हाड यांच्यामध्ये असतात, ते रूट कॅनाल केलं तरी शाबूत राहतात. या अर्थाने तो दात मेलेला नसतोच.

पैशांबद्दल एवढंच की रूट कॅनालला बसण्याआधीच विचारून घ्यावं, सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे का, आणि कॅप कशाची. खर्च झेपत नसेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ही कामं कमी खर्चात करतात. फेऱ्या जास्त होतात, तेवढी तयारी हवी. कशाची कॅप, यावर दवाखान्यात फार वेळ जातो. दिसणाऱ्या दाताला सिरॅमिक किंवा झिर्कोनिया बरं. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला काही वर्षांनी हिरडीलगत करडी रेघ दिसू लागते आणि जोराने चावलं तर वरचा टवकाही उडू शकतो. अगदी मागच्या दाढेला नुसत्या धातूची कॅपही चालते, फक्त निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

या वर्षी आत्याच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. या वेळी तिने स्वतःच विचारलं, "टोपी कधी घालताय?" डॉक्टरांनी रंगांची पट्टी पुढे केली, तर म्हणाली, "मेटलचीच घाला हो, तिथं कोण बघायला येतंय?" कॅप बसून महिना झाला. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती उजेडाकडे तोंड करून, गाल बोटाने ओढून, ती चकचकीत दाढ दाखवते आहे.