कणसांचे तोरण (खानदेश)

कणसांचे तोरण : सणासुदीला दारावर, ओसरीत किंवा अंगणातल्या झाडाला बांधायची पिकलेल्या कणसांची, शेंगांची सजावट. आंब्याच्या पानांचे तोरण सुकले की उतरवतात; हे मात्र सण सरल्यावर चिमण्या, मुनिया, पोपट आणि खारींसाठी तसेच राहू देतात. भातपट्ट्यात ते साळीच्या लोंब्यांचे करतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांत नवापूरकडचा भाग सोडला तर भात थोडाच, त्यामुळे इथल्या तोरणाची मदार ज्वारी-बाजरीवर असते.

सणाच्या सजावटीतून पाखरांना चारण्याची रीत इतरत्रही आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नाताळाला ओट धान्याची पेंढी खांबाला बांधतात. बर्फाने जमीन झाकलेली असताना पाखरांना तो मोठा आधार होतो. अमेरिकेत लाह्यांच्या आणि क्रॅनबेरी या आंबट फळांच्या माळा झाडांवर टाकतात, तर देवदार जातीच्या झाडांच्या सुक्या बोंडांना चरबी किंवा शेंगदाण्याचे लोणी चोपडून त्यावर दाणे चिकटवतात. व्हिडिओ पाहून ही शेवटची युक्ती इकडेही करून बघितली जाते, पण ती इथल्या हवेला मानवणारी नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दिवाळीतही दुपार तापते. चरबी पातळ होऊन पिसांना लागते, खवट होते, मुंग्या चढतात. बाजारातल्या शेंगदाण्याच्या लोण्यात बहुधा मीठही असते. खानदेशात बिनतेलाचे, बिनगुळाचे, दांडीवरचे धान्यच बरे.

तोरणाचा हंगाम पिकांवरून ठरतो. बाजरी भाद्रपद-आश्विनात निघते, खरिपाची ज्वारी आणि मका दसरा-दिवाळीच्या आगेमागे, भुईमुगाच्या शेंगाही त्याच सुमारास. म्हणून दसरा ते दिवाळी हा मुख्य काळ. रब्बीची दादर ज्वारी होळीच्या सुमारास हाती येते, तेव्हा गुढीपाडव्याला दुसरे तोरण बांधता येते. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणासाठी घर कितीही सजवले तरी कणसे टांगण्यात अर्थ नाही. जुना माल पावसाळी हवेत बुरसतो आणि बुरसलेला दाणा पाखरांना बाधतो. कोजागरीपर्यंत चालणाऱ्या मुलींच्या गुलाबाईच्या सणात मखराला ज्वारीचे धांडे (ताटे) वापरतात. त्यांना कणसे असली तर कोजागरीनंतर तीच काढून टांगावीत.

कणसे निवडताना शेतकऱ्याची पारख उलटी करावी लागते. बाजरीच्या काही वाणांच्या कणसांवर राठ केस असतात. असे कणीस पाखरे कमी खातात, म्हणून शेतात ते पसंत पडते. तोरणाला बिनकेसाचे हवे. ज्वारीतही गच्च बोंडापेक्षा मोकळ्या फांद्यांचे कणीस चोचीला सोपे. दाणा टणक झालेला असावा, पण हात लावताच गळणारा नसावा. चिकट स्राव आलेले किंवा दाण्यांच्या जागी काळपट गाठी धरलेले बाजरीचे कणीस टाकून द्यावे, कारण तो अरगट रोग असतो आणि त्या गाठी विषारी असतात. काणी (दाण्यांत काळी भुकटी करणारा बुरशीरोग) पडलेली ज्वारीही बाजूला काढावी. पेरणीतून उरलेले पाकिटातले बियाणे तर चुकूनही वापरू नये, त्यावर बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा लेप असतो. लालसर, गुलाबी रंग ही त्याची नेहमीची खूण. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातली कणसेही नकोत.

भाताची काडी ओली केली की वेणीत वळते. ज्वारी-बाजरीची दांडी जाड, वळवली की मोडते. त्यामुळे इथे आधी दोरी करावी लागते. अंबाडीचा वाख (सालीचे तंतू) उत्तम. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात केळीचे सुके सोपट (खोडावरची साल) फुकट मिळते. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून थोडा वेळ भिजवतात आणि तिपेडी वेणी घालत जातात. कणसे वीतभर दांडी ठेवून कापलेली आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवलेली असतात. वेणीच्या दर दोन-तीन वळणांत एक झुबका खोचून पेड आवळतात. वाळताना सोपट आक्रसते, पण दांडीही आक्रसते, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक झुबका सुती दोऱ्याने पुन्हा बांधावा लागतो. हे काम टाळले की तोरण आठवडाभरात विस्कटते. मधोमध लांब कणसे, कडेला आखूड. मध्ये मध्ये टरफलासकट शेंगांचे घोस. मक्याचे कणीस मात्र जड, ते वेगळेच टांगावे. नायलॉनचा दोरा आणि पतंगाचा मांजा यांत पाखरांचे पाय अडकतात. सोनेरी रंग फवारलेली किंवा रोगण दिलेली बाजारी तोरणे दिसायला झोकदार असली तरी ती पाखरांसाठी नव्हेत.

टांगलेल्या कणसाला लटकून खाणे सगळ्यांना जमत नाही, आणि यातच तोरणाचा मोठा फायदा आहे. चिमण्या आणि मुनिया दांडीला बिलगून सहज दाणे काढतात. खानदेशच्या कोरड्या माळांवर पांढऱ्या कंठाची मुनिया बरीच दिसते, ती थव्याने येते. पोपट खातो त्याहून अधिक सांडतो. पारव्याला लटकणे नीट साधत नाही. त्यामुळे जमिनीवर दाणे फेकल्यावर होणारी पारव्यांची गर्दी आणि विष्ठेची घाण इथे बरीच टळते. होले खाली सांडलेले टिपतात. शेंगांवर खार येते, कावळाही येतो. दिवाळीच्या फटाक्यांत कोणी फिरकत नाही. गजबज सुरू होते ती आवाज थांबल्यावर.

यातली निम्मी पाखरे शेतात नकोशी असतात. ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर चढून गोफण फिरवायची, भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे हाकलायचे, आणि त्याच ज्वारीची चार कणसे घरी दाराला बांधायची. यात विसंगती नाही असे म्हणणे अवघड आहे. पण रास आणि वाटा हे शेतकऱ्याच्या हिशेबात पहिल्यापासून वेगळे असतात, आणि तोरण वाट्यात मोडते.

या तोरणाकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नयेत. चिमणीची पिल्ले पहिल्या दिवसांत मुख्यतः अळ्या-किड्यांवर वाढतात, तिथे ज्वारीचा दाणा कामाचा नाही. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत लाकडी सरांच्या (आडव्या वाशांच्या) फटी घरट्यांना मिळत. स्लॅबच्या घरात त्या नाहीत, आणि ती उणीव तोरणाने भरून निघत नाही. दाणे न खाणारे पक्षी तर याच्याबाहेरच राहतात. नाहीसा झाला असे समजला गेलेला रानपिंगळा हा लहान घुबडाचा प्रकार १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि खानदेशचे नाव जगभरच्या पक्षिअभ्यासकांत झाले, पण तो सरडे, किडे, उंदीर खाणारा.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी करावा. कठड्यापासून आणि भिंतीपासून हात-दोन हात सुटे, माणसाच्या डोक्यावर, जवळ दडायला एखादे झुडूप असलेले ठिकाण चांगले. पणत्यांच्या वर किंवा शेजारी नको, सुके सोपट भडकन पेटते. खाली सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत, नाहीतर रात्री उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. बुलबुल, तांबट यांच्यासाठी काही जण पिकले केळे किंवा पेरूची फोड, बोरांची माळ अडकवतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ते टाळलेले बरे, कारण माकडांना एकदा दार कळले की ती दाराशी थांबत नाहीत. फळ कुठेही लावले तरी संध्याकाळी काढून टाकावे.

उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाडव्याच्या तोरणाशेजारी मातीचे उथळ परळ टांगून त्यातले पाणी रोज बदलतात, परळ घासतात. कणसे रिकामी झाली की उरलेला भुसकट सांगाडा गुरांपुढे टाकता येतो, मात्र त्याआधी सुती दोरे कापून काढावे लागतात, ते गुरांच्या पोटात जाता कामा नयेत. अंबाडीची दोरी सोडवून ठेवली तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा चालते. केळीचे सोपट एका हंगामातच संपते.