सेल बदलला, सवयी जुन्याच

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात टॉर्चला आजही बॅटरी म्हणतात आणि आत घालतो तो सेल. आजोबा रात्री कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचे ते तीन सेलांची लांब स्टीलची बॅटरी घेऊन. उजेड पिवळा पडला की दुसऱ्या दिवशी ते सेल अंगणात कोकमाच्या सोलांच्या शेजारी उन्हात मांडलेले असायचे, आणि संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ चालायचे. कोणी सेल दगडाने ठोकायचा, कोणी दाताखाली दाबायचा. एक नवा आणि दोन जुने, हा तर घरोघरचा हिशेब.

तो सेल हे सगळं सोसायचा. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी घेऊन जो सेल केला, त्याचाच हा कोरडा वंशज. विजेचा दाब १.५ व्होल्ट. बिघडला तर गळायचा, स्प्रिंग गंजायची, बस्स.

आता विजेरीत लिथियमचा सेल आला आहे, आणि त्याची गोष्ट पहिल्यापासून आगीच्या जवळची आहे. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी सत्तरच्या दशकात लिथियम धातू वापरून सेल केला. तो धातू पाण्याशी झटापट करतो. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइड सुचवलं. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातू काढून त्या जागी कार्बन घातला, आणि १९९१ मध्ये सोनीने हा सेल बाजारात आणला. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धातू गेला, तरी आत पाण्याऐवजी पेट घेणारं द्रावण राहिलंच.

पुढे पांढरा एलईडी आला. त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लिथियमचा एकच सेल ३.७ देतो. जोडी जमली, आणि १८६५० हा आकडा विजेरीवाल्यांच्या तोंडी बसला: १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा या विजेरीचं मोल मला पुरेपूर कळतं.

म्हणूनच जुन्या सवयींची भीती वाटते. ऊन आणि पोचा, याच दोन गोष्टी या सेलला नकोत. पोच्याने आतले पातळ थर एकमेकांना टेकतात, उष्णता वाढते, ती उष्णता आणखी रासायनिक क्रिया पेटवते आणि थांबवायला कोणी उरत नाही. नवा-जुना एकत्र घातला तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्या रिकाम्या सेलमधूनही प्रवाह ढकलत राहतो. फार उतरलेल्या सेलमधलं तांबं विरघळतं. मग चार्जिंगला लावल्यावर आतच शॉर्ट होऊ शकतो.

सेल हातात घेऊन नीट बघा. वरचं बटण तेवढं धन. बाकी अख्खा डबा ऋण, अगदी बटणाभोवतीची कडासुद्धा. मधे फक्त एक बारीक कडं आणि वरचं प्लास्टिकचं वेष्टन. ते वेष्टन कडेला फाटलं असेल तर तो सेल वापरू नका. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल टाकायचा नाही तोही याच कारणाने: धन आणि ऋण धातूने जोडले गेले की शॉर्ट होतो. चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा, लिथियमचाच हवा. वेष्टनावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर परत ठेवा. या आकारात चांगला सेल ३५०० च्या आसपासच जातो. आणि पेन्सिल सेलच्या मापाचा १४५०० मिळतो, तो साध्या १.५ व्होल्टच्या जागी घालू नका. दिसायला सारखा असला तरी दाब दुपटीहून जास्त आहे.