सीएचओचा अर्ज: कागद कुठे अडतात, आणि औषध द्यायचा अधिकार कुठवर

सीएचओ भरतीची अपात्र यादी लागली की जळगाव-धुळ्याकडून फोन सुरू होतात. "ताई, मार्क एवढे चांगले, तरी नाव अपात्रमध्ये कसं?" कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: त्रुटी. कसली त्रुटी, ते लिहायचे कष्ट कुणी घेत नाही.

सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, हे राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद. नेमणूक उपकेंद्रावर, ज्याच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. नर्सिंगकडून येणाऱ्यांना बी.एस्सी. लागते, आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स. अलीकडच्या बी.एस्सी.त तो अभ्यासक्रम मिसळलेला आहे. तुमच्या बॅचला होता का, हे कॉलेजला तोंडी विचारू नका, लेखी घ्या. कोर्स आधी झालेला हवा की निवडीनंतर करून घेणार, ते जाहिरातीत असतं. फोटो, सही, फी, मार्कशीट ही कामं सायबर कॅफेवाला करून देतो.

खरी अडचण नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची. आपल्याकडची बरीच मुलं सुरत, बऱ्हाणपूर, इंदूरकडे शिकायला जातात. पदवी मिळते, नोंदणीही तिकडच्याच कौन्सिलची होते. इथे मात्र महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागतात. त्यासाठी आधी तिकडून ना-हरकत, मग त्या नोंदणीच्या आधारे इथली, म्हणजे रेसिप्रोकल नोंदणी. जाहिरात आल्यावर हे सुरू केलं तर वेळेत होत नाही. "अर्ज केल्याची पावती जोडली होती" असं सांगणारी दर वेळी दोघं-तिघं भेटतात. पावती म्हणजे नोंदणी नव्हे. जुनी नोंदणी असेल तर नूतनीकरणाची तारीखही बघा. दर पाच वर्षांनी ते करावं लागतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे, तास लागतात.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, कौन्सिलवर तेच, आणि लग्नानंतर हौसेनं बदललेल्या आधारवर नवऱ्याचं. मागच्या खेपेला एक मुलगी माझ्यासमोर रडली. तीन कागदांवर तिची तीन नावं होती, एका ठिकाणी तर आडनावातला 'ळ' जाऊन 'ल' झालेला. फॉर्म दहावी आणि कौन्सिलच्या नावानंच भरा, विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याला आठ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे, त्यात दोन गैरसमज आहेत. एक, लग्न झालेल्या मुली नवऱ्याचं उत्पन्न दाखवतात. बघतात ते आईवडिलांचं. दुसरा, रावेर-यावलकडचे केळीवाले म्हणतात आमचं आठ लाखांच्या वर जातं. शेतीचं उत्पन्न आणि पगार त्या आठ लाखांत धरत नाहीत. सेतूवाल्यालाही हे कधीकधी माहीत नसतं, म्हणून तो अर्जच घेत नाही. दाखला जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला वैध लागतो. ३१ मार्चला संपलेला एप्रिलमध्ये चालत नाही.

आदिवासी उमेदवारांना व्हॅलिडिटी, म्हणजे जमात पडताळणीचं प्रमाणपत्र, मागितली असेल तर नंदुरबारच्या समितीकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. धडगावच्या पाड्यावर आजोबांच्या शाळेचा दाखला कुठून आणायचा, हा प्रश्न साहेबांना पडत नाही. चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर वंशावळीसह ती आधी शोधा.

अर्ज पोस्टानं मागवले असतील तर अंतिम दिनांक पोहोचण्याचा असतो, पोस्टात टाकण्याचा नाही. शेवटच्या दिवशी केलेल्या स्पीड पोस्टची पावती कुणी बघत नाही.

आता औषधांचं. नेमणूक झाली की अनेकांना वाटतं, आपण डॉक्टरसारखी चिठ्ठी लिहू शकतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याची तरतूद आहे, पण सीएचओची ऑर्डर म्हणजे तो परवाना नव्हे. उपकेंद्रात सरकारी कार्यक्रमातली औषधं देता येतात, कारण त्यांना औषध नियमांतल्या विक्री परवान्यातून सूट आहे. औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे एमओंचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांचं, काम. बीपी-शुगरच्या पेशंटला त्यांनी ठरवलेली गोळी महिन्याला देणं तुमचं. नवीन काही वाटलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांना विचारा. तोरणमाळच्या बाजूला नेटवर्क नसतं हे मान्य, तरी फोनवर विचारून रजिस्टरमध्ये वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहा.

उपकेंद्राच्या यादीत १०५ औषधं आहेत, म्हणून ती सगळी निर्धोक होत नाहीत. एक म्हातारी दर बाजाराच्या दिवशी यायची: "ती पांढरी गोयी दे ना माय, मन्हं डोकं दुखस." बीपीची गोळी चालू, वर गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी. त्यानं बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि कपाशीच्या शेतात पाणी न पिता राबणाऱ्या बाईला तर जास्तच. तिची पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा हे कळलं. पिशवी बघितल्याशिवाय गोळी देऊ नका. गरोदर आहे का, पाळी कधी आली, आधी कुठल्या औषधानं अंगावर उठलं का, हेही विचारायचं.

मुलांचं वजन करा, अंदाज नको. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, म्हणजे १२५ च्या सिरपचे (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) ६ मिली, पण २५० च्या सिरपचे (५ मिलीत २५०) ३ मिलीच. दोन्ही बाटल्यांचा रंग सारखा असतो. "एक चमचा पाज" असं सांगून आईला घरी पाठवू नका. मापाच्या झाकणावर पेनानं रेघ ओढून द्या, आणि तीच रेघ तिला तुमच्यासमोर एकदा भरून दाखवायला सांगा.