चार थाऊची फट

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, कसं सेट करतात, हे आमच्या सातारा-सांगलीकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. इंजिन गार होऊ द्यायचं, फिलर गेजची ठरावीक जाडीची पट्टी फटीत घालायची आणि ती किंचित अडत सरकली की नट आवळायचा. फट ठेवायची, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. जास्त असेल तर टकटक सुरू होते. ज्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२२ साली साताऱ्यात कूपर यांचा कारखाना निघाला, तिथल्या टर्नरला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मी लेथवर उभा राहिलो तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे: फट हाही यंत्राचा एक भागच आहे, आणि तो बाकीच्या भागांइतक्याच काटेकोरपणे बनवावा लागतो.

याचं सगळ्यात कडक उदाहरण मी पाहिलं ते एका जुन्या शिकारी रायफलीत. एका वेळी एकच काडतूस घेणारी, सरकत्या ठोकळ्याची रायफल. खालचा दांडा ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली उतरतो, काडतूस घालायचं, दांडा मिटला की ठोकळा वर येऊन नळीचं मागचं तोंड बंद करतो. स्कॉटलंडच्या जॉन फर्क्युहारसनने १८७२ साली पेटंट घेतलेली रचना याच जातीची. नळी झिजलेली होती आणि ओळखीचे एक परवानाधारक कारागीर ती बदलत होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. माझं काम फक्त मापं घेण्याचं.

आमच्याकडे सुतार सुतात बोलतो आणि टर्नर थाऊत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. एका सुतात सव्वाशे थाऊ बसतात. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड. नानांना नळी आणि ठोकळा यांच्यात चार थाऊ फट हवी होती.

एवढ्याशा फटीची चिंता का, हे दाबाचा आकडा पाहिल्यावर कळतं. काडतूस .३०३ जातीचं होतं, म्हणजे जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींचं. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावातल्या जुन्या फौजींना त्याची ओळख करून द्यायला नको. त्याचा कमाल दाब ३६५ मेगापास्कल धरतात, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दीड हजार पटींहून जास्त. बार उडताना क्षणभर ठोकळ्यावर तीन टनांच्या घरात जोर येतो. हा वायू मागे फुटू नये म्हणून तिथे रबर नाही, वॉशर नाही. ते काम काडतुसाची पितळी टोपीच करते, म्हणजे दारू ज्यात भरलेली असते ते नळकांडं.

या पितळात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. दाब येताच टोपीची पातळ भिंत फुगून नळीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूची वाट बंद होते. दाब ओसरला की ती किंचित आकसते, म्हणून रिकामी टोपी सहज बाहेर निघते. पण बूड जाड असतं, ते चिकटत नाही. भिंत पुढे धरून बसलेली आणि बूड मागे ढकललं जातंय, अशी ओढाताण चालते. मागे मोकळी जागा असेल तेवढं पितळ ताणलं जातं. जागा फार असली तर ते बुडाच्या जरा पुढे तुटतं.

इथे दोन मापं आहेत आणि नवशिके त्यांची गल्लत करतात. मीही केली. .३०३च्या बुडाला कड असते आणि ती बसायला नळीच्या मागच्या तोंडावर एक उथळ खाचा कापतात. खाच्याच्या तळापासून ठोकळ्यापर्यंतचं अंतर हे काडतुसाच्या कडेचं घर. नळीचं तोंड आणि ठोकळा यांच्यातली फट हे दुसरं माप. खाचा साठ थाऊ खोल, फट चार थाऊ, म्हणून घर चौसष्ट थाऊ. हे घर तपासायला काडतुसाच्या जागी ठरावीक जाडीचे गेज घालतात; ब्रिटिश लष्करी गेजांत चौसष्टवर ठोकळा बंद झाला पाहिजे आणि चौऱ्याहत्तरवर होता कामा नये.

आता गंमत बघा. मला फट कमी वाटली म्हणून मी विचारलं, नळीचं तोंड दोन थाऊ घासू का? नाना म्हणाले, "घास की. पण घर तेवढंच राहील, बघ मोजून." खरंच होतं ते. तोंड घासलं की फट सहा होते, पण खाचा अठ्ठावन्न होतो. बेरीज पुन्हा चौसष्ट! बुडाचा तेवढा भाग मात्र आधाराविना उघडा पडतो. नळी चौकटीत आट्यांनी बसते; त्या आट्यांपुढचा, चौकटीला टेकणारा खांदा कापला तर अख्खी नळी मागे सरकते, फट आणि घर दोन्ही कमी होतात. खाचा खोल केला तर फक्त घर वाढतं. म्हणजे कापायच्या जागा तीन आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा. कागदावर हे आकडे मांडून बघेपर्यंत माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

आट्यांचंही गणित आहे. इंचाला सोळा आटे असतील तर एका फेऱ्यात नळी साडेबासष्ट थाऊ सरकते. शेवटी पान्याने आवळताना खांदा दबतो आणि माप थोडं घटतं, म्हणून हाताने बसवलेल्या नळीवर घेतलेलं माप अंतिम नाही. नाना पूर्ण आवळून पुन्हा मोजत.

फट शून्यच का ठेवू नये? पोलाद अंशाला दहा लाखांत बारा भाग वाढतं. बार काढले की नळी आधी तापते, तिच्याभोवतीची चौकट मागाहून. इंचभर पोलाद पन्नास अंशांनी तापलं तर अर्ध्या थाऊहून जास्त वाढतं. त्यात जळलेल्या दारूची काजळी आणि तेलाचा थर. ठोकळ्याला तोंडासमोरून सरकायचं असतं. घासू लागला की अडकलाच.

हे काम घरी करण्याचं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि शिकारीवर १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. नानांकडच्या रायफलीने पुढे कागदी निशाणंच पाहिली.

पहिल्या चाचणीच्या रिकाम्या टोप्या नानांनी माझ्या हातात दिल्या. एका तारेचं टोक वाकवून टोपीत घालायचं आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडे ओढत न्यायचं. पितळ ताणलं असेल तर बुडाच्या जरा अलीकडे तार एका बारीक खळग्यात अडते. आम्ही प्रत्येक टोपी तशी तपासली. तार कुठेच अडली नाही.